मुलानं सांगितलं, आता पुढं काय? पॉक्सो कायद्यात मोठ्यांचं काम कोणतं

एखादं मूल अडखळत काहीतरी सांगतं. काका असं करतात, व्हॅनवाला तसं करतो, सर एकटं थांबायला सांगतात. ते कानावर पडल्यावर मोठ्या माणसांच्या तोंडून बहुधा एकच वाक्य निघतं: "आधी नीट खात्री करून घेऊ." ऐकायला समंजस वाटतं. पण बहुतेक प्रकरणं बिघडतात ती याच वाक्यापासून. खात्री करायची म्हणून मुलाला चारचौघांसमोर उभं करून पुन्हा पुन्हा विचारलं जातं, ज्याच्यावर संशय आहे त्याच्याही कानावर गोष्ट घातली जाते, घरात बैठक बसते, शाळेत 'अंतर्गत चौकशी' सुरू होते. तोवर कपडे धुतले गेलेले असतात, मेसेज पुसलेले असतात आणि मूल गप्प झालेलं असतं.

कायदा या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. खात्री करणं हे तपास यंत्रणेचं आणि न्यायालयाचं काम. तुमचं काम ऐकणं, कळवणं आणि नंतर मुलाच्या शेजारी उभं राहणं. यातलं तिसरं काम सगळ्यांत लांबचं आणि सगळ्यांत दुर्लक्षित आहे. 'लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२', म्हणजे आपण ज्याला पॉक्सो म्हणतो तो कायदा, मुलाला पुष्कळ काही देतो. पण त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट कुणीतरी मागावी लागते. ठाण्यात मागावी लागते, दवाखान्यात मागावी लागते, कोर्टात अर्ज करून मागावी लागते. आठ वर्षांचं मूल हे मागू शकत नाही. ज्याला मागायचं आहे त्या मोठ्या माणसासाठी हा लेख आहे.

कायदा कुणासाठी

१४ नोव्हेंबर २०१२ रोजी पॉक्सो लागू झाला. त्याआधी मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठी देशभर चालेल असा वेगळा कायदा नव्हता, भारतीय दंड संहितेतलीच कलमं लावावी लागत. मुलग्यांची अवस्था तर फार वाईट होती, कारण बलात्काराची व्याख्या फक्त स्त्रीपुरती होती. अपवाद आपल्या शेजारचा. गोव्यानं २००३ मध्येच स्वतःचा बाल कायदा केला आणि त्याखाली मुलांसाठी वेगळं न्यायालयही उभं केलं. मडगावच्या एका अनाथालयाच्या आडून चाललेल्या लैंगिक शोषणाचं प्रकरण १९९१ मध्ये उघडकीस आलं होतं, त्याचे चटके गोव्यानं सोसले होते. म्हणूनच त्या कायद्यात फोटो धुऊन देणाऱ्यांवरही जबाबदारी टाकली गेली: मुलांची अश्लील छायाचित्रं हाती आली तर पोलिसांना कळवायचं.

पॉक्सोमध्ये अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती 'बालक' आहे. मुलगा, मुलगी, तृतीयपंथी, सगळे आले. संमतीचा मुद्दा अठराच्या आत येतच नाही. गुन्ह्यांचे प्रकारही केवळ बलात्कारापुरते नाहीत. लैंगिक हेतूनं केलेला स्पर्श, मुलाला स्वतःला स्पर्श करायला लावणं, घाणेरडे हावभाव, अश्लील चित्रं दाखवणं, पाठलाग, समाजमाध्यमांवरून सतत संपर्क साधत राहणं, मुलाचे नग्न फोटो काढणं, साठवणं किंवा पुढं पाठवणं, हे सगळे गुन्हेच आहेत. गुन्हा करणारा नातेवाईक, शिक्षक, पोलीस किंवा दवाखान्यातला कर्मचारी असेल, किंवा मूल बारा वर्षांखालचं असेल, तर तोच गुन्हा 'तीव्र स्वरूपाचा' ठरतो आणि शिक्षा वाढते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तीव्र स्वरूपाच्या अंतर्भेदी, म्हणजे शरीरात प्रवेश करणाऱ्या, लैंगिक हल्ल्यासाठी किमान २० वर्षं सक्तमजुरी आहे आणि फाशीपर्यंतची तरतूद आहे.

स्पर्शाबद्दलचा एक गोंधळ आपल्याच राज्यात झाला होता. कपड्यावरून केलेला स्पर्श हा 'लैंगिक हल्ला' होत नाही, त्वचेला त्वचा लागली पाहिजे, असा निकाल जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातून आला. सर्वोच्च न्यायालयानं १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो रद्द केला. हेतू लैंगिक होता का हे पाहायचं, मधे कापड होतं का हे नाही. गल्लीतल्या चर्चांत मात्र "नुसता हात तर लावला" हे वाक्य अजून ऐकू येतं.

अत्याचार करणारा बहुतेक वेळा ओळखीतलाच असतो. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये तेरा राज्यांत केलेल्या पाहणीत ५३ टक्क्यांहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं होतं आणि अत्याचार करणारे निम्मे तरी ओळखीचे, विश्वासातले होते. 'अनोळखी माणसाकडून चॉकलेट घेऊ नकोस' ही आपली शिकवण किती अपुरी आहे ते यावरून कळावं.

कळवणं ऐच्छिक नाही

कलम १९ सांगतं की असा गुन्हा घडल्याचं, किंवा घडू शकेल असं, ज्याला कळलं त्या प्रत्येकानं पोलिसांना कळवलं पाहिजे. आईवडील, शेजारी, अंगणवाडी सेविका, समुपदेशक, डॉक्टर, वसतिगृहाचा अधीक्षक, कुणीही यातून सुटत नाही. कळवलं नाही तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. स्वतः मुलावर मात्र ही सक्ती नाही. उशिरा सांगितलं म्हणून मुलाला कुणी शिक्षा करू शकत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याला एका शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण २०१९ मध्ये बाहेर आलं. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना प्रकार कळूनही त्यांनी कळवलं नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयानं त्यांच्यावरचा गुन्हा रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयानं २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरवला आणि माहिती असूनही न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे, असं बजावलं. मुद्दा त्या एका डॉक्टरचा नाही. आश्रमशाळा, वसतिगृह, क्रीडा प्रबोधिनी अशा जागी मुलाला बाहेरचं जग भेटतं ते डॉक्टर, स्वयंपाकीण, शिपाई यांच्याच रूपात. ते बोलले नाहीत तर तिथून आवाज बाहेर येण्याची वाटच राहत नाही.

ऑगस्ट २०२४ मधलं बदलापूर अजून सगळ्यांच्या लक्षात असेल. बालवर्गातल्या दोन मुली, शाळेतला सफाई कर्मचारी, गुन्हा नोंदवून घ्यायला पालकांना तासन्‌तास ताटकळत ठेवणारं पोलीस ठाणं, आणि मग २० ऑगस्टला रेल्वे रुळांवर उतरलेली गर्दी. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि शाळेनं पोलिसांना का कळवलं नाही हा प्रश्न विचारला. कळवलं नाही म्हणून शाळेच्या पदाधिकाऱ्यांवरही पॉक्सोखाली गुन्हा नोंदला गेला. आरोपी सप्टेंबरमध्ये पोलिसांच्या गोळीनं मेला, काहींनी त्याचा आनंदही साजरा केला. मला त्यात मुलींच्या हिताचं काही दिसलं नाही. त्याच्यावरचा खटला चाललाच नाही, त्यामुळे शाळेत नेमकं काय झालं, कुणी काय पाहिलं, कुणी काय झाकलं, हे साक्षीपुराव्यानं समोर येण्याची मुख्य जागा गेली.

शाळांच्या बाबतीत एक तरतूद पालकांना माहीतच नसते. २०२० च्या पॉक्सो नियमांनुसार मुलांच्या नियमित संपर्कात येणाऱ्या प्रत्येक संस्थेनं आपल्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळानं करून घ्यायची असते. शिकवणी वर्ग, खेळाची अकादमी, पाळणाघरही त्यात येतात. पालक सभेत फीबद्दल तासभर बोलतो तिथं हा एक प्रश्न विचारायला हरकत नाही.

"आणि आपला संशय चुकीचा निघाला तर?" ही भीती खरी असते. सद्भावनेनं माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कुठलीच कारवाई होत नाही, असं कलम १९ मध्येच लिहिलेलं आहे. बदनामी किंवा खंडणीसाठी मुद्दाम खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसाला शिक्षा आहे; मुलानं सांगितलेलं खोटं ठरलं तरी त्याला शिक्षा नाही. आणि 'आपसांत मिटवणं' हा पर्याय कायद्यात नाही. माफीनामा, गावकीची बैठक, पैसे घेऊन कागद करणं, काही वर्षांनी पीडित मुलीचं आरोपीशीच लग्न लावून देणं, यानं गुन्हा पुसला जात नाही.

सक्तीनं कळवण्याची एक अवघड बाजूही सांगितली पाहिजे. सतरा वर्षांची मुलगी स्वतःच्या मर्जीच्या संबंधातून गरोदर राहिली तरी डॉक्टरांना कळवावंच लागतं. त्या भीतीनं मुली दवाखान्यात जायचं टाळतात आणि भलत्याच ठिकाणी गर्भपात करून घेतात. म्हणून सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात मधला रस्ता काढला: अशा वेळी मुलीनं आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरांनी कळवताना तिचं नाव आणि ओळख देण्याची गरज नाही. बऱ्याच दवाखान्यांना हे अजून ठाऊक नाही.

ऐकताना

इथं थोडक्यात. मूल बोलत असेल तेव्हा बोलू द्या. "मग तू ओरडली का नाहीस", "आधी का नाही सांगितलंस" हे प्रश्न गिळून टाका. तपशील खोदून काढू नका, नंतर ते काम प्रशिक्षित माणसं करतील; तुम्ही जितक्या वेळा विचाराल तितका जबाब बदलत जातो आणि उलटतपासणीत आरोपीचा वकील तोच धागा पकडतो. मुलानं वापरलेले शब्द जसेच्या तसे, तारीख आणि वेळ घालून लिहून ठेवा. घटना ताजी असेल तर आंघोळ घालण्याआधी, कपडे धुण्याआधी दवाखाना गाठा. कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत नकोत, ओल धरते; वर्तमानपत्रात किंवा कागदी पिशवीत ठेवा. मोबाइलवरचे मेसेज रागानं पुसून टाकू नका. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कारण ते तुम्हाला पाळता येणार नाही. "तुझी काही चूक नाही, आणि आता पुढचं मी बघते" एवढं म्हटलं तरी पुष्कळ झालं.

पोलीस ठाण्यात

कुठून सुरुवात करायची? १०९८ ही चाइल्डलाइन. १९९६ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा प्रकल्प म्हणून ती सुरू झाली. आता सरकार चालवतं. किंवा ११२. किंवा थेट जवळचं ठाणं. घटना कुठल्या हद्दीत घडली हे सांगून तुम्हाला परत पाठवता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, त्याला 'शून्य एफआयआर' म्हणतात. नंतर तो योग्य ठाण्याकडे वर्ग होतो. बीडची ऊसतोड कामगाराची मुलगी सांगली-कोल्हापूरच्या फडावर असताना प्रकार घडला आणि आईला तो गावी परतल्यावर कळला, तर गावच्या ठाण्यातही तक्रार घेतली गेली पाहिजे.

मुलाला ठाण्यात न्यावंच लागतं असंही नाही. जबाब घरी किंवा मूल म्हणेल त्या जागी घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्यानं, आणि गणवेशात नाही. आईवडील किंवा मुलाचा ज्याच्यावर विश्वास आहे ती व्यक्ती सोबत असली पाहिजे. मूल बंजारा, कोरकू, अहिराणी असं काही बोलत असेल तर दुभाषा मागता येतो. ऐकू न येणाऱ्या किंवा बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलासाठी विशेष शिक्षक मागता येतो. रात्री कुठल्याही कारणानं मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. आरोपी मुलाच्या नजरेला पडू नये याची जबाबदारी पोलिसांची. 'ओळख पटवायला' समोरासमोर उभं करणं तर साफ चूक.

फिर्यादीची प्रत मोफत मिळते. ती घेतल्याशिवाय उठू नका. वाचून बघा, मुलाचे शब्द बदलून त्याजागी छापील भाषा आली असेल तर दुरुस्त करायला लावा. पोलिसांनी मुलाला आणि पालकांना हक्कांची माहिती देणारा एक कागदही द्यायचा असतो, २०२० च्या नियमांमधलं 'प्रपत्र अ'. नावानं मागितलं की बरं, कारण न मागता क्वचितच मिळतं.

आणि गुन्हा नोंदवून घेतलाच नाही तर? पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज, टपालानं पाठवला तरी चालतो. तरीही नाही झालं तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. पॉक्सोच्या कलम २१ मधली शिक्षा केवळ न कळवणाऱ्याला नाही, कळवलेलं नोंदवून न घेणाऱ्यालाही आहे. ठाणे अंमलदारासमोर हे शांतपणे बोलून दाखवलं की बऱ्याचदा काम होतं.

उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही. तीन वर्षांहून जास्त शिक्षा असलेल्या गुन्ह्याला तक्रारीची मुदत नाही, त्यामुळे लहानपणी सोसलेलं मोठेपणी सांगणाऱ्यालाही तक्रार करता येते. फक्त घटना नोव्हेंबर २०१२ च्या आधीची असेल तर पॉक्सो नाही, त्या वेळचा कायदा लागेल.

दवाखान्यात

'आधी एफआयआर आणा' असं म्हणायचा अधिकार कुठल्याही दवाखान्याला नाही. सरकारी असो वा खासगी, उपचार लगेच आणि फुकट. नाकारणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनंच करायची, मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती हजर हवी. तशी कुणी नसेल तर दवाखान्याच्या प्रमुखांनी एखादी महिला नेमायची. कुप्रसिद्ध 'दोन बोटांची चाचणी', म्हणजे आधी संबंध आले होते का हे योनीत बोटं घालून पाहणं, सर्वोच्च न्यायालयानं पूर्ण अमान्य केली आहे. ती करणाऱ्यावर गैरवर्तनाची कारवाई होऊ शकते, असं २०२२ मध्ये पुन्हा सांगितलं. शरीरावरचे नमुने साधारण पहिल्या चार दिवसांत घेता येतात आणि एचआयव्ही टाळण्याचं औषध ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं. घाई करायची ती म्हणून. पण चार दिवस उलटले म्हणून तपासणी निरर्थक ठरत नाही, आणि इजा दिसली नाही म्हणून अत्याचार झाला नाही असाही अर्थ होत नाही. बहुतेक प्रकारच्या स्पर्शाची खूण अंगावर राहतच नाही.

घरातलाच माणूस असेल तर

सगळ्यांत कठीण प्रकरणं ही. इथं दोन संस्था पुढं येतात. पोलिसांनी प्रत्येक पॉक्सो गुन्हा चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीला आणि पॉक्सोचे खटले चालवणाऱ्या विशेष न्यायालयाला कळवायचा असतो. ही समिती जिल्ह्यात असते, अध्यक्ष आणि चार सदस्य, आणि तिला न्यायिक अधिकार आहेत. आरोपी त्याच घरात राहत असेल, मूल संस्थेत असेल किंवा पालकच नसतील, तर मुलाला समितीपुढं हजर करायचं आणि त्याला घरातून हलवायचं का ते समितीनं तीन दिवसांत ठरवायचं.

या क्षणी यंत्रणेचा कल मुलालाच बालगृहात पाठवण्याकडे असतो. सोपं पडतं. पण विचार करा, ज्यानं केलं तो घरात आणि जिनं सोसलं ती घराबाहेर, शाळा तुटलेली, मैत्रिणी तुटलेल्या. मूल याला शिक्षाच समजतं. बाल न्याय कायद्याचं तत्त्व उलट आहे: संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. आई मुलाच्या बाजूनं उभी असेल तर कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली, म्हणजे २००५ च्या कायद्याखाली, त्या पुरुषाला घराबाहेर राहायला लावणारा आदेश मागता येतो. संरक्षण आदेश आणि मुलाचा तात्पुरता ताबाही मागता येतो. आजी, मावशी, आत्या यांच्याकडे मुलाला ठेवायचा पर्याय समितीपुढं मांडता येतो. हे समितीला कुणीतरी सांगावं लागतं, तोंडी नव्हे, लेखी अर्ज देऊन.

आई मात्र डळमळते. ती नवऱ्याच्या पगारावर, सासरच्या छपराखाली असते. तिला दोष देणं सोपं आहे. जबाब फिरवला म्हणून कोर्टात तिच्याकडं तुच्छतेनं पाहिलं जातं. पण महिनाभराच्या रेशनची सोय झाली असती तर तिनं जबाब फिरवला असता का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. नियमांमध्ये याचीही तरतूद आहे. अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी समिती तत्काळ मदतीची शिफारस करू शकते आणि शिफारशीनंतर आठवडाभरात ती मिळाली पाहिजे. ही तरतूद फारच कमी वापरली जाते, आणि खटले का ढासळतात याच्या कारणांत मी ती बरीच वर धरीन.

मारहाण, उपाशी ठेवणं, चटके देणं, कोंडून ठेवणं हे लैंगिक नसलं तरी गुन्हाच आहे. त्यासाठी बाल न्याय कायद्याचं कलम ७५ आहे, तीन वर्षांपर्यंत कैदेचं, आणि संस्थेतल्या कर्मचाऱ्यासाठी पाच वर्षांपर्यंतचं. तिथंही दार तेच, बाल कल्याण समितीचं.

सपोर्ट पर्सन नावाचा माणूस

आता ज्याच्याबद्दल फार थोड्यांना माहिती आहे ते. बाल कल्याण समिती मुलाच्या आणि पालकांच्या संमतीनं एक आधार देणारी व्यक्ती नेमू शकते, कायद्याच्या भाषेत 'सपोर्ट पर्सन'. ही व्यक्ती वकील नसते, पोलीस नसते. जबाब होतो तेव्हा ती सोबत असते, दवाखान्यात असते, कोर्टाची तारीख आधी कळवते, साक्षीच्या आधी मुलाला कोर्टाची खोली दाखवून आणते, जज कुठं बसतात ते सांगते, शाळेत परत घालायला मदत करते, समुपदेशन चालू राहतंय का पाहते. समितीनं खटला संपेपर्यंत दर महिन्याला तिच्याकडून अहवाल मागवायचा असतो. कुटुंबाला यासाठी पैसे द्यावे लागत नाहीत. ओळखीच्या संस्थेतली एखादी ताई हवी असेल तर तसंही सुचवता येतं.

१८ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणाच्या निमित्तानं सपोर्ट पर्सनची गरज ठळकपणे मांडली: ती नेमायची की नाही हे कुटुंबाच्या मर्जीवर सोडून भागणार नाही, नियम म्हणून नेमली पाहिजे. तुमच्या जिल्ह्यात नेमणूक झालेली नसेल तर समितीकडे अर्ज करा, दाद मिळाली नाही तर विशेष न्यायालयाला सांगा. जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे अशा व्यक्तींची यादी असायला हवी.

वकिलाचं काय? खटला सरकारी वकील चालवतात, पण मुलाला स्वतःचा वकील घेण्याचा हक्क कलम ४० देतं. परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत देतं. मुलांसाठी उत्पन्नाची अट नाही. क्रमांक १५१००.

मुलाच्या वकिलाचं पहिलं मोठं काम बहुधा जामिनाच्या वेळी येतं. आरोपीचा जामीन अर्ज आला की मुलाच्या कुटुंबाला नोटीस द्यायची आणि त्यांचं म्हणणं ऐकायचं, असे निर्देश मुंबई उच्च न्यायालयानं ८ एप्रिल २०२१ रोजी दिले आहेत. तोवर अनेक कुटुंबांना जामीन झाल्याचं कळायचं ते आरोपी गल्लीत दिसला की. नोटीस आली की सांगा: तो समोरच्याच इमारतीत राहतो, शाळेचा रस्ता त्याच्या दुकानावरून जातो, त्याच्या भावानं धमकी दिली. जामीन मिळालाच तर निदान लांब राहण्याच्या अटी लागतील.

कोर्टात

विशेष न्यायालयात सुनावणी बंद दाराआड होते. मुलाला आरोपी दिसू नये म्हणून पडदा, एकतर्फी काच किंवा व्हिडिओची सोय करायची असते. स्मृती बडदे विरुद्ध महाराष्ट्र सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२२ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात अशा साक्षीदारांसाठी वेगळी केंद्रं उभारायला सांगितलं. आरोपीच्या वकिलानं मुलाला थेट प्रश्न विचारायचे नाहीत. प्रश्न न्यायाधीशांकडे द्यायचे, ते विचारतात. चारित्र्यावर घसरणारे, दरडावणारे प्रश्न चालत नाहीत. मुलाला मधेमधे विश्रांती मिळते, विश्वासातला माणूस जवळ बसू शकतो, आणि त्याला पुन्हा पुन्हा बोलावता येत नाही.

कागदावर मुलाची साक्ष न्यायालयानं गुन्ह्याची दखल घेतल्यापासून तीस दिवसांत आणि खटला शक्यतो वर्षभरात संपायला हवा. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात. दुसरीत असताना जे झालं ते पाचवीत गेल्यावर नेमकं आठवून सांगायचं असतं. म्हणून साक्ष लवकर घ्यावी असा लेखी अर्ज वकिलाकरवी द्यायला लावा. निदान नोंद राहते.

कलम २९ बद्दल खूप गैरसमज आहेत. गंभीर गुन्ह्यांत न्यायालय आरोपीनं गुन्हा केला असं गृहीत धरतं आणि ते खोडणं आरोपीवर असतं, एवढंच लोक सांगतात. पण सरकार पक्षाला आधी मूळ गोष्टी सिद्ध कराव्याच लागतात: मूल अठराच्या आतलं होतं, घटना घडली, आरोपी तिथं होता. त्यामुळे जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला हे कागद पहिल्याच दिवशी गोळा करून ठेवा. वयाच्या मुद्द्यावर खटले पडतात, आणि ते फार चुटपुट लावणारं असतं.

मुलाचं नाव, फोटो, शाळा, पत्ता, नातेवाइकांची नावं, ओळख पटेल असं काहीही छापायला बंदी आहे. ही बंदी पत्रकारांपुरतीच आहे असं समजू नका. संतापाच्या भरात मुलीचा फोटो लावून 'न्याय द्या' असं स्टेटस ठेवणाराही कायद्याच्या कचाट्यात येतो.

पैशांबद्दल

भरपाई मागणं म्हणजे 'पैशांसाठी केस केली' असं नव्हे, तरी लोक तसं म्हणतात आणि कुटुंबं मागायला लाजतात. विशेष न्यायालय खटला चालू असतानाच अंतरिम भरपाई देऊ शकतं. आरोपी सुटला किंवा सापडलाच नाही तरीही भरपाई देता येते, कारण ती मुलाच्या नुकसानीची असते. आदेशानंतर तीस दिवसांत राज्य सरकारनं पैसे द्यायचे असतात. महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत चालते आणि प्रकारानुसार १० लाखांपर्यंत साहाय्य मिळू शकतं. अर्जासोबत फिर्यादीची प्रत, वैद्यकीय अहवाल, ओळखपत्र आणि बँक खातं लागतं. मुलाच्या नावानं खातं उघडायला बँका वेळ लावतात, ते काम आधी उरका.

निकाल विरुद्ध गेला तर अपील फक्त सरकारनंच करायचं असतं असा समज आहे. तसं नाही. आरोपी निर्दोष सुटला, कमी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली, तर पीडित बालकाच्या वतीनं पालक स्वतः अपील करू शकतात. उच्च न्यायालयातही मोफत वकिलासाठी विधी सेवा समिती आहे. त्यासाठी निकालाची प्रमाणित प्रत लागते, आणि तिचा अर्ज निकालाच्याच दिवशी करायचा.